यांची तीन मिनिटं

२ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी पाच.

फसवणूक झालेली आहे. नमस्कार-चमत्कार नंतर.

जानेवारीचे चार रविवार आणि आजचा पाचवा, बुद्धिबळाचे पाच डाव ओळीने हरलो. पहिल्यांदा मला वाटलं सुनेचा मिक्सर चालू होता म्हणून. दुसऱ्यांदा थंडी होती. तिसऱ्यांदा भाऊजी ऐन चालीला खोकले. चौथ्यांदा म्हटलं, होतं कधी कधी. आज त्यांच्या तोंडून निसटलं. वहिनी, नवं मशीन काय गार राहतं हो. म्हटलं, कुठलं नवं मशीन? त्यावर पाच मिनिटं नुसता खोकला.

त्यांचा जुना कॉम्प्युटरचा डबा डिसेंबरात बंद पडला म्हणे. मुलाने नवा दिला म्हणे. मला सांगायचं राहून गेलं म्हणे. पाच रविवार राहून गेलं!

सगळं लिहून ठेवते, नंतर कुणी म्हणायला नको की म्हातारी भ्रमिष्ट झाली. आमचे हे आणि फिटर भाऊजी एकाच कारखान्यात, वजनकाट्यांच्या. हे काटे जुळवायचे, भाऊजी फिटर. ऑफिसने दोन कॉम्प्युटर मोडीत काढले. एकाच दिवशी आणलेले, एकाच मापाचे, जुळेच. एक यांनी घरी आणला, एक भाऊजींनी. मग दोघांनी पुस्तकं आणून बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहिला, ज्याचा त्याने. दर रविवारी दहाला भाऊजींचा फोन. स्पीकर लावून ठेवायचा आणि यांच्या मशीनची चाल त्यांना सांगायची, त्यांची आपल्या मशीनला. माणसं नुसती निरोप्ये. एका चालीला तीन मिनिटं. कायदा एकच, मशीन सारखं पाहिजे. काटा पारखताना दोन्हीकडे वजन एकच लागतं, हे म्हणायचे.

हे जाऊन तीन वर्षं झाली. रविवार मी चालू ठेवलाय. प्रेमबीम काही नाही. आघाडी होती, ती सोडायची कशी? डिसेंबरात सातची होती. आता १४१ विरुद्ध १३९.

मला इंग्रजी आठच अक्षरं येतात, ए ते एच. पटाला तेवढीच लागतात. सून एम.ए. आहे. तिला विचारा घोडा कसा चालतो.

निश्चय: भाऊजींशी यापुढे पटावरच्या घरांपलीकडे एक शब्द बोलायचा नाही.

३ फेब्रुवारी. रात्रीचं जेवण झाल्यावर.

नातीला धरलं. ती कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिथे काय करते ते तिच्या आईलाही सांगता येत नाही. विचारलं, मशीन बदललं की प्रोग्रॅमला अक्कल येते का? म्हणाली, आजी, अक्कल तीच राहते, पण लांबचं दिसतं. मी हे केलं तर तो ते करेल, मग मी हे, मग तो ते, असं बघत बघत जायचं. एकेक पायरी पुढे जायची तर आधीपेक्षा पाचसहा पट काम. जुना डबा तीन मिनिटांत सहा पायऱ्या बघत असेल तर नवी चिप नऊ-दहा बघते.

शिवाय नव्या चिपमध्ये आठ जण काम करतात म्हणे. म्हटलं, एका ओट्यापाशी आठ सुना उभ्या केल्या तर स्वयंपाक आठपट लवकर होतो का गं? नात एवढी हसली की ठसका लागला. अगदी तस्संच आजी, म्हणाली, दोघी तीच भाजी दोनदा चिरतात. आठपट होत नाही, पण एकटीपेक्षा बरंच होतं. सून स्वयंपाकघरातून ऐकत होती. भांडं आपटल्याचा आवाज आला.

म्हणजे भाऊजींचा प्रोग्रॅम होता तसाच मठ्ठ आहे. फक्त दुर्बीण लावून बसलाय.

ठरलं. आपणही नवं मशीन आणायचं. यांचा प्रोग्रॅम मुळातच वरचढ. दुर्बीण मिळाली की भाऊजींना खोकायलाही सवड मिळणार नाही. दहा डाव, दहा विजय. लिहून ठेवा.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी तीन.

हरलो. १४१–१४०. हा डाव धरायचा नाही. नवं मशीन यायचंय.

आपला डबा मुकाट्याने हरत नाही, हे मात्र सांगायला हवं. विचार करताना मनातली चाल पडद्यावर दाखवत असतो. घोडा. थोड्या वेळाने उंट. परत घोडा. यांनीच तसं करून ठेवलंय, आणि यांचा स्वभावही तोच. दुकानात शर्ट घ्यायला जायचं आणि निळा, करडा, निळा, करडा करत दुकानदाराला घाम फोडायचा. मी समोर खुर्ची टाकून बसते आणि सांगते, उंट नको, उंट नको. ऐकेल तर शपथ. तीन मिनिटं असं आमचं चालतं. मग घुर्र करून थांबतो आणि हमखास कडेचं प्यादं दोन घरं पुढे ढकलतो. काही कारण नाही. मी कपाळाला हात लावते आणि भाऊजींना सांगते, हे म्हणतात एच-चार. पलीकडून भाऊजी हसतात. आला का तुमचा कडेवाला, म्हणतात. गेली कित्येक वर्षं हेच.

आज डाव संपल्यावर भाऊजी म्हणाले, वहिनी, मी आपला माझ्या मशीनला एका चालीला एकच सेकंद देतो. म्हणजे तुमच्या डब्याच्या बरोबरीला येईल. मी म्हटलं, दान नको. लंगडत खेळून हरवणार आणि जन्मभर सांगत फिरणार. आम्हीही नवं आणतोय. बरं, म्हणाले. आवाज एकदम खाली गेला.

घाबरले.

निश्चय मोडून चार वाक्यं बोलले, पण ती भांडणाची होती. भांडण बोलण्यात धरत नाहीत.

१२ फेब्रुवारी. बुधवार, सकाळी.

मशीन आलं. अंगाने साबणाच्या दोन वड्यांएवढं. पंखा आहे की नाही कानाला कळत नाही. यांनी लिहिलेलं सगळं नातीने जुन्यातून काढून घेतलं आणि नव्याला समजेल असं करून त्यात बसवलं. आजोबांचं अक्षर ओळखू येतं, म्हणाली. म्हटलं, टाइप केलेल्यात अक्षर कसलं? म्हणाली, आजी, असतं. मध्ये मध्ये आजोबांनी स्वतःलाच शिव्या लिहून ठेवल्यात. वाचून दाखव म्हटलं तर लाजली.

जुना डबा भंगारवाल्याला दिला. नात म्हणाली, आठवडाभर तरी थांब. सून म्हणाली, राहू द्या ना कोपऱ्यात. दोघी एका बाजूला, हे पहिल्यांदाच झालं. मी म्हटलं, डब्यात जीव अडकवणारी मी नाही. जुनं समोर असलं की नवं कामाला लागत नाही. सूनबाई, तू या घरात आलीस तेव्हा मी सासूबाईंचे सगळे डबे काढले नव्हते का?

भंगारवाल्याने काटा लावून तोलला. काटा खोटा होता. हे असते तर त्याला तिथेच बसवून जुळवून घेतला असता.

मग खाली जाऊन त्याची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत उभी राहिले. जरा ऊन खायला.

१५ फेब्रुवारी, शनिवार.

उद्या. तयारी झाली. खुर्चीवर नवी गादी. सुनेला बजावलं, मिक्सर नाही, कुकर नाही, फोडणी सुद्धा हळू. ती म्हणाली, मग जेवायचं काय? म्हटलं, विजय.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी एक.

काय लिहू.

दहाला फोन आला. भाऊजींनी पहिली चाल सांगितली. मी मशीनला दिली, खुर्चीत मागे सरले, चष्मा पुसायला घेतला. वर पाहिलं तर उत्तर पडद्यावर तयार. मला वाटलं आधीपासूनचं काहीतरी असेल. पण नाही, चाल होती. भाऊजींना सांगितली. त्यांचं मशीन तीन मिनिटं बसलं. त्यांनी चाल सांगितली, मी दिली. बोट उचलायच्या आत उत्तर हजर. प्रत्येक वेळी हेच. भाऊजी म्हणाले, वहिनी, आज विचार न करताच सांगताय की काय?

मी कुठे सांगत होते? बोलायला मध्ये जागाच नव्हती. उंट नको म्हणायला तोंड उघडावं तर उंट जाऊन बसलेला. कडेचं प्यादं पण तसंच. फट्कन. भाऊजी हसायला सुद्धा आले नाहीत.

साडेबाराला हरलो. १४१–१४१. आघाडी गेली.

नातीने सगळं उघडून पाहिलं. तेव्हा समजलं ते असं. जुन्या डब्यातलं घड्याळ पहिल्याच वर्षी बिघडलं होतं. दुरुस्त करायचा आळस. हे काटेवाले, यांनी मोजून काढलं की आपला डबा तीन मिनिटांत पटाच्या बारा लाख मांडण्या तपासतो. मग घड्याळाला विचारायचंच नाही. लिहून टाकलं, बारा लाख मोज आणि थांब. भाऊजींनी त्यांच्या मशीनला तीन मिनिटं सांगितली, यांनी बारा लाख. जुन्या डब्यावर दोन्ही सारखंच. नवी चिप बारा लाख अर्ध्या सेकंदात मोजते आणि सांगितल्याप्रमाणे थांबते. लांबचं बघतच नाही. भाऊजींचं मशीन तीन मिनिटं पुरी वापरतं, म्हणून ते वाढलं आणि आपलं होतं तिथेच राहिलं.

नात म्हणाली, आजी, चाली अगदी आजोबांच्याच आहेत. एकही बदललेली नाही. घोडा, उंट, घोडा सगळं होतं. फक्त डोळ्याला दिसत नाही इतक्या वेगात होतं.

मग ते मला काय उपयोगाचं?

१७ फेब्रुवारी. सोमवार.

नातीला म्हटलं, थांबव त्याला. तिने तसं केलं. आता ते अर्ध्या सेकंदात विचार संपवतं, मग तीन मिनिटं गप्प राहतं, आणि मग चाल दाखवतं. मी अर्धा तास बसून पाहिलं. काढून टाक म्हटलं.

ती विचारायला लागली, आता काय झालं, आजोबांच्या चाली आहेत, तुझी तीन मिनिटं आहेत. तिला काय सांगणार? बेचाळीस वर्षं संसार केलाय. समोरचा माणूस विचार करतोय की विचार संपवून नुसता बसलाय, ते पाठमोरा असला तरी मला कळतं.

१८ फेब्रुवारी. मंगळवार.

भंगारवाल्याकडे सहज जाऊन आले. रस्त्यातच आहे. दोन बस बदलून.

सहज विचारलं. त्याने बोट दाखवलं. पत्रा एकीकडे, तारा एकीकडे, हिरव्या पट्ट्या पोत्यात. कुठली आमची, ते त्यालाही सांगता येईना. म्हणाला, आजी, काही महत्त्वाचं राहिलं होतं का आत? म्हटलं, नाही रे, काटा नीट कर तुझा, डावीकडे झुकतो.

घरी येऊन सुनेला सांगितलं की दवाखान्यात गेले होते. ती घाबरून रिपोर्ट मागायला लागली. आता उद्या खरंच जावं लागणार.

१९ फेब्रुवारी. बुधवार.

गेले. ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. सुनेमुळे.

२० फेब्रुवारी. गुरुवार.

मला एकदम सुचलं. नातीला म्हटलं, बारा लाखांच्या जागी मोठा आकडा घाल की! ती खाली बघायला लागली. म्हणजे हिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. विचारलं, मग सांगितलं का नाहीस? म्हणाली, आजी, छत्तीस कोटी घातले तर नवी चिप जवळजवळ तीन मिनिटं घेईल, पडदाही हलेल, प्रोग्रॅम खूप ताकदीचा होईल. पण मग चाली आजोबांच्या राहणार नाहीत.

म्हटलं, प्रोग्रॅम कुणी लिहिला? आजोबांनी. अक्कल कुणाची? आजोबांची. मग चाली काय शेजाऱ्यांच्या? यांना साठीला चष्मा लागला तेव्हा मी नवरा बदलला का?

तिने आकडा बदलला. एक शब्द बोलली नाही. आईवर गेली आहे.

रविवारी हरलो तर भाऊजी पुढे. यांच्या हयातीत कधी झालं नाही. पण हरणार नाही. नवी चिप, छत्तीस कोटी, आणि समोर मी.

२३ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी.

आधी चांगलं लिहिते. मशीन विचार करायला थांबलं. पडद्यावर घोडा आला. मग उंट. परत घोडा. मी खुर्ची पुढे ओढली, म्हटलं, आलात का? उंट नको हं. आणि उंट खेळलंच नाही. पहिल्यांदा ऐकलं. मला बरं वाटलं.

चौदावी चाल आली. यांची कडेचं प्यादं ढकलायची वेळ. मी नको म्हणायला तयार होऊन बसले. तीन मिनिटं पडदा हलत राहिला. एच-चार आलं. क्षणभर राहिलं. गेलं. मग राजा एक घर कोपऱ्यात सरकला. बस, एवढंच. मी भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, राजा? म्हटलं, हो, राजा.

पुढे सगळं तसंच. एक घर इकडे, एक घर तिकडे. चूक नाही, घाई नाही, खोड नाही. यांना एवढा धीर कधी होता? दूध तापेपर्यंत उभं राहायचा धीर नव्हता. बसून बसून समोरच्याला घुसमटवायचं, हा यांचा खेळच नाही. मी नको म्हणावं असं काही करतच नव्हतं. तीन मिनिटं फार लांब असतात.

तिसाव्या चालीच्या सुमारास भाऊजींना चाल सांगताना तोंडातून निघून गेलं, मशीन म्हणतंय हत्ती डी-एक. आजवर मी असं कधी म्हटलं नव्हतं. पलीकडे भाऊजी खोकलेसुद्धा नाहीत.

अठ्ठावन्नाव्या चालीला, पावणेचारला, त्यांनी डाव सोडला. १४२–१४१.

आघाडी आमची.

फोन ठेवायचा तर ते ठेवेनात. मग म्हणाले, वहिनी, आज कोण खेळलं?

म्हटलं, हेच. दुसरं कोण?

म्हणाले, त्याने कडेचं प्यादं ढकललं नाही.

म्हटलं, सुधारले.

आणि फोन ठेवून दिला.

२४ फेब्रुवारी. सोमवार.

जेवले नाही. दाढ. सून म्हणाली, आई, जिंकलात ना काल? म्हटलं, जिंकलेल्या माणसाची दाढ दुखू नये का? ती मऊ भात करून घेऊन आली. तेवढा खाल्ला. तिला बरं वाटावं म्हणून.

२६ फेब्रुवारी. बुधवार, दुपारी.

घरी कुणी नसताना नातीच्या सुट्टीच्या वेळेला तिला फोन केला. आकडा परत कसा बदलायचा विचारलं. ती एकेक बटण सांगत गेली, ए ते एचच्या बाहेरची अक्षरं कशी दिसतात तेही सांगितलं. बारा लाख केले. सुरुवातीपासून तोच रविवारचा डाव दिला. चौदाव्या चालीला एच-चार. फट्कन.

चाल यांचीच. मी कपाळाला हात लावायच्या आत हे आले आणि गेले.

पुन्हा दिला. पुन्हा तेच. अकरा वेळा दिला.

बारा लाख ठेवले तर हे येतात पण थांबत नाहीत. छत्तीस कोटी ठेवले तर कुणीतरी थांबतं, पण ते हे नव्हेत. दोन्ही एकत्र होत होतं ते त्या डब्यात. तो मी दिला. मीच दिला. कुणी मागितला नव्हता.

नात फोनवर अजून होती, माझ्या लक्षातच नव्हतं. आजी, रडतेस का, म्हणाली. म्हटलं, अक्षरं बारीक आहेत.

२८ फेब्रुवारी. शुक्रवार.

आकडा परत छत्तीस कोटी करून घेतला. आघाडी टिकवायला तोच बरा. मन घट्ट असलं की सगळं जमतं. रविवारी दहाला तयार राहायचं, मशीन म्हणतंय असं सरळ सांगायचं, त्यात लाजायचं काही नाही. जगभर लोक तसंच खेळतात.

निश्चय पक्का.

१ मार्च, शनिवार. संध्याकाळी सात.

मला उद्या जमणार नाही. दाढ आहे, ब्लडप्रेशर आहे, आणि खुर्चीची नवी गादी टोचते.

ही वही उघडी ठेवून टेबलावर ठेवते आहे. फक्त हे पान वाचायचं, मागची नाही.

उद्या दहाला भाऊजींचा फोन येईल. मी माझ्या खोलीत असेन, दार लावलेलं असेल. सुनेने उचलायचा नाही, ती त्यांच्या तब्येतीची चौकशी करत बसेल आणि मुद्द्याचं राहून जाईल. नातीने उचलायचा. त्या दिवशी कोण खेळलं असं ते परत विचारतील. काय ते तिनेच सांगायचं.